राखेचं सिमेंट म्हणून मी ट्रॉली परत पाठवली होती

पहिल्या ट्रॉलीत साठ बॅगा आल्या होत्या आणि मी त्यातली एकही उतरू दिली नाही. दुकानदाराला फोनवर मी ५३ ग्रेड सांगितलं होतं, आमच्याकडे घर बांधायचं म्हटलं की सगळे ५३च सांगतात, आणि ट्रॉलीतल्या बॅगांवर मोठ्या अक्षरात पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, छापलेलं. खाली बारीक अक्षरात फ्लाय अ‍ॅश. ट्रॉलीवरच्या पोराने बॅगेवर थाप मारली आणि म्हणाला, "भो, हाई तं राखनं सिमेंट शे." झालं. माझं डोकं गरम झालं, दोन वर्षांचा कापूस विकून, वर बँकेचं कर्ज काढून आयुष्यात एकदा घर बांधतोय आणि त्यात राख? मी दुकानदाराला नाही नाही ते बोललो आणि ट्रॉली तशीच माघारी लावली.

ही गोष्ट जानेवारी २०२४ ची, गाव आमचं अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीपासून थोडं आत. खाली सगळी काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगते. त्यामुळे पायाची धास्ती आधीपासूनच होती, आणि गावात दोन-तीन घरांना तडे गेलेले बघितलेले, त्यांच्याबद्दल लोक एकच सांगायचे, सिमेंट भेसळीचं होतं.

रात्री भाच्याचा फोन आला. तो धुळ्याला राहतो, सिव्हिलचा डिप्लोमा झालाय आणि साईटवर इंजिनीअर आहे, घराचा नकाशा आणि लोखंडाचं गणित त्यानेच काढून दिलं होतं. म्हणाला, "मामा, ट्रॉली कशाला परत केली? बॅगेचा फोटो काढलाय का?" नशिबाने काढला होता, दुकानदाराशी भांडायला पुरावा म्हणून. तो फोटो त्याने मोठा करून बघितला आणि मला विचारलं, आयएसआयच्या शिक्क्याच्या वर कोणता नंबर आहे तो वाचा. आयएस १४८९ भाग १. "मग हे भेसळीचं कसं होईल मामा, राख टाकायची हे सरकारी कोडातच, म्हणजे मानकातच लिहिलंय, किती टाकायची ते पण लिहिलंय, १५ टक्क्यांपेक्षा कमी नाही आणि ३५ पेक्षा जास्त नाही."

त्या रात्री तो तासभर बोलला आणि मी वहीत लिहून घेतलं, कारण मला वाटायचं सिमेंट म्हणजे सिमेंट, फक्त ५३ नंबर भारी आणि ४३ त्याच्यापेक्षा हलकं. तर तसं नाहीये. ३३, ४३, ५३ हे साध्या सिमेंटचे म्हणजे ओपीसीचे ग्रेड, आधी त्यांचे वेगवेगळे कोड होते, २०१५ पासून तिन्ही आयएस २६९ मधे आले. आणि तो ५३ आकडा काँक्रीटचा नाहीच, एक भाग सिमेंट आणि तीन भाग ठरलेली प्रमाण वाळू असा छोटा ठोकळा करून २८ दिवसांनी दाबून फोडतात, तो एका चौरस मिलिमीटरला किमान ५३ न्यूटनपर्यंत टिकला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या कॉलममधे काय ताकद येईल ते खडी, वाळू, पाणी आणि मागाहून मारलेलं पाणी यावर ठरतं. वरून त्याने हेही सांगितलं की ओपीसीमधे सुद्धा ५ टक्क्यांपर्यंत राख किंवा स्लॅग अशी पूरक वस्तू घालायला कोड परवानगी देतो. म्हणजे मी जे "शुद्ध" मागत होतो तेही लोकांना वाटतं तसं निव्वळ क्लिंकर (भट्टीत भाजून निघालेले सिमेंटचे खडे) आणि जिप्सम असेलच असं नाही.

मिश्र सिमेंटमधे पण एकच प्रकार नाही. राखेचं पीपीसी म्हणजे १४८९ भाग १. त्याच कोडाचा भाग २ आहे तो भाजलेल्या मातीच्या सिमेंटचा. लोखंड बनवायच्या झोतभट्टीतून जी मळी निघते, स्लॅग, ती दळून घातली की पीएससी, त्याचा कोड आयएस ४५५ आणि त्यात स्लॅग २५ पासून थेट ७० टक्क्यांपर्यंत चालते. आणि राख आणि स्लॅग दोन्ही घातलं तर कंपोझिट सिमेंट, आयएस १६४१५, हा कोड २०१५ ला आला. आता २०२३ ला अजून एक आलाय, आयएस १८१८९, भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी एकत्र. ताकदीची किमान अट पीपीसी, पीएससी आणि कंपोझिट तिघांना सारखीच, ३ दिवसांना १६, ७ दिवसांना २२ आणि २८ दिवसांना ३३. आणि ५३ ग्रेडला तेच आकडे २७, ३७ आणि ५३. मी म्हटलं बघ, मग भारी कोणतं ते दिसतंच ना. तो म्हणाला, "मामा, ३३ ही कमीत कमी अट आहे, पास व्हायला लागतात तेवढे मार्क. चांगल्या कंपनीच्या पीपीसीचं टेस्ट सर्टिफिकेट मागवा आणि मग बोला."

सर्टिफिकेट मागता येतं हेच मला माहीत नव्हतं! दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे जाऊन आधी माफी मागितली, मग सर्टिफिकेट मागितलं, त्याने कंपनीच्या माणसाकडून मोबाईलवर आणवून दिलं. ज्या आठवड्याचा माल त्या आठवड्याचं सर्टिफिकेट असतं, आणि त्यावर २८ दिवसांचा रकाना रिकामा होता कारण माल तयार होऊन २८ दिवसच झाले नव्हते. मला पहिल्यांदा संशय आला पण विचार केल्यावर उलट बरं वाटलं, माल ताजा आहे याचा तो पुरावा. महिन्याने भरलेलं सर्टिफिकेट आलं तेव्हा २८ दिवसांचा आकडा पन्नासच्या पुढे होता.

तरी राख हा शब्द काही डोक्यातून जाईना. आमच्या गल्लीत एक नाना आहेत, दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून रिटायर झालेले, राखेच्या विभागातच नोकरी केली. भुसावळहून वरणगावकडे जाताना त्या चिमण्या दिसतात ना, तिथे. नानांना विचारलं तर ते म्हणाले, तू जी राख समजतोस ती चुलीतली राख, आणि बॉयलरच्या तळाशी जी जाड राख पडते ती पाण्याबरोबर वेल्हाळ्याच्या राखेच्या तळ्यात जाते, ती वेगळी. सिमेंटला लागते ती धुराबरोबर वर उडणारी, विजेचा भार दिलेल्या पत्र्यांवर पकडलेली कोरडी राख, हातात घेतली तर टाल्कम पावडरसारखी. दगडी कोळशातली माती एवढ्या उष्णतेत वितळते आणि उडता उडता थंड होऊन तिचे काचेसारखे गोल दाणे होतात. त्या राखेला पण कोड आहे, आयएस ३८१२. बंद टँकर येतात आणि ती भरून सिमेंटच्या कारखान्यात नेतात. आपल्या नशिराबादला पण सिमेंट दळायचं युनिट आहे, तिथून भुसावळ किती लांब? क्लिंकर दुसरीकडून येतं, राख घरची.

आणि मग ती राख करते काय, ते भाच्याने सांगितलं तेव्हा मला आमचा जुना वाडा आठवला. सिमेंटला पाणी लागलं की चिकटणारा भाग तयार होतो, आणि त्याच्याबरोबर चुना पण सुटतो. तो चुना ताकदीच्या फारसा कामाचा नसतो, पाण्याबरोबर झिरपून भिंतीवर पांढरा येतो आणि मागे पोकळी सोडतो. राखेतली सिलिका त्या चुन्याला धरते आणि त्याचाच परत चिकट भाग बनवते, पोकळ्या बुजतात. म्हणजे काँक्रीट घट्ट होतं, ओल कमी शिरते, काळ्या मातीतल्या क्षारांना जास्त टिकतं. पण हे काम हळू होतं, आठवडे लागतात, आणि त्या पूर्ण काळात आत ओल पाहिजे. आजोबांच्या वाड्याच्या भिंती चुना आणि सुरखीच्या होत्या, सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांचा भुगा, दगडी घाण्यात बैल फिरवून दिवसभर चुन्याबरोबर मळायचे असं वडील सांगायचे. भाजलेली माती आणि चुना. चौदाशे एकोणनव्वदचा भाग २ म्हणजे दुसरं काय आहे? तो वाडा पाडताना जेसीबीवाल्याला दोन दिवस लागले होते. इतकं ऐकल्यावर माझ्या मनातली अढी गेली आणि पूर्ण घर पीपीसीमधे करायचं ठरलं. ओपीसीपेक्षा बॅगमागे मला ३० रुपये कमी पडले हा फायदा वेगळा.

मिस्तरी मात्र नाराज होता. म्हणे हे सिमेंट उशिरा धरतं, माझं सेंट्रिंग अडकून पडेल. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, सुरुवातीची ताकद हळू येते हे खरंच आहे, त्याच्या प्लेटा आणि टेकू पुढच्या साईटला लागणार होते. ज्याला घाई आहे त्याने ओपीसी वापरावं, त्यात काही वाईट नाही, पण मग पीपीसी वापरून ओपीसीची घाई करायची नाही. आमच्या गावातल्या तडे गेलेल्या घरांचं मला आता वाटतं तिथे हेच झालं असणार, सिमेंट राखेचं होतं म्हणून नाही तर त्याला त्याचा वेळ दिला नाही म्हणून.

फेब्रुवारीत फुटिंग (कॉलमच्या खालचा पाया) आणि प्लिंथ (जोतं) झालं, मार्चमधे कॉलम आणि वीटकाम. त्यात एक प्रकार झाला तो सांगतो, कारण असं कोणाबरोबरही होऊ शकतं. स्लॅबसाठी १२५ बॅगा सांगितल्या होत्या, पहिला दुकानदार तेव्हा कमी पडला म्हणून बाकीच्या दुसऱ्याकडून मागवल्या. उतरवताना मी प्रत्येक बॅग बघत होतो, तोपर्यंत सवय लागली होती, तर त्यात १८ बॅगांवर कोड वेगळा दिसला, १६४१५. कंपोझिट सिमेंट. पीपीसीच्या भावात दिलेलं आणि बिलावर पण पीपीसीच लिहिलेलं. कंपोझिट वाईट नाही, पण एकाच स्लॅबमधे बराचसा माल एका जातीचा आणि थोडा दुसऱ्या जातीचा असं मला करायचं नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट, त्या बॅगांवर आठवडा ४२, वर्ष २०२३ छापलेलं. म्हणजे ऑक्टोबरचा माल, एप्रिलमधे. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट परत टेस्ट केल्याशिवाय वापरू नये असा नियम आहे, आणि एक बॅग फोडली तर आत लिंबाएवढे खडे, हाताने दाबून फुटत नव्हते. दुकानदार म्हणाला "भाऊ, चाळून घ्या ना, काही होत नाही." मी म्हटलं चाळायला गहू आहे का, आणि अठराच्या अठरा परत दिल्या. बॅगेवर सीएम/एल म्हणून लायसन्स नंबर असतो तो बीआयएस, म्हणजे आयएसआय शिक्का देणारी सरकारी संस्था, तिच्या बीआयएस केअर अ‍ॅपमधे टाकला की लायसन्स कोणाचं आहे आणि चालू आहे की नाही ते समजतं, हे पण मी तेव्हाच शिकलो. सिमेंट आयएसआय मार्कशिवाय विकताच येत नाही, २००३ चा सरकारी आदेश आहे. पाण्यावर चिमूटभर टाकून बघा, बॅगेत हात घालून गार लागतं का बघा, हे जे लोक सांगतात त्यातून फार तर सिमेंटला ओल लागली का ते समजेल, ग्रेड नाही समजणार. छापलेलं वाचा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

स्लॅब १२ एप्रिलला भरला. खरं तर जानेवारीतच व्हायला हवा होता पण कापसाच्या भावाची वाट बघत बघत काम लांबलं आणि आम्ही बरोबर उन्हात सापडलो. दुपारी ४२-४३ अंश आणि वरून गरम वारा. भाचा आदल्या रात्रीच मुक्कामाला आला होता. पहाटे पाचला मिक्सर चालू केला, खडी रात्रीच पाणी मारून थंड ठेवलेली. मिस्तरीची माणसं मिक्सरमधे पाईप सोडून द्यायची, भाचा तिथेच उभा राहिला, बॅगमागे पंचवीस लिटर मोजून आणि वाळू ओली असेल तर त्याच्याहून कमी. "साहेब, घट्ट होतं" असं मिस्तरी दोनदा म्हणाला, पण व्हायब्रेटर लावला की माल छान वाहत होता, राखेचे दाणे गोल असल्यामुळे कमी पाण्यात पण माल सरकतो हे डोळ्यांनी दिसलं. मधेच तीन ठिकाणचा माल घेऊन नऊ क्यूब, म्हणजे नंतर फोडून ताकद तपासायचे ठोकळे, भरले, १५ सेंटिमीटरचे, लोखंडी साचे जळगावच्या एका लॅबमधून भाड्याने आणले होते. लोक हसत होते की घराला कोण क्यूब भरतं. दुपारी एकला काम संपलं आणि सगळ्यांना वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि जिलेबीचं जेवण दिलं.

पण खरं काम तिथून पुढे होतं. हे सिमेंट वर पाणी कमी सोडतं आणि आपल्याकडच्या वाऱ्यात तेवढंही उडून जातं, मग वरच्या थराला केसासारखे तडे पडतात. म्हणून जसजसा भाग फिरवून होत होता तसतसं त्याच्यावर प्लॅस्टिक टाकत गेलो, संध्याकाळी ओली गोणपाटं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाफे बांधले. गव्हाला बांधतो तसेच. कमी सिमेंटच्या मालाच्या बारीक वरंब्या करून दोन-दोन इंच पाणी साठवलं. काँक्रीटचा जो मुख्य कोड आहे, आयएस ४५६, त्यात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलं ठेवायला सांगितलंय, आणि हवा गरम कोरडी असेल तर तेच १० आणि १४. खान्देशातल्या एप्रिलपेक्षा गरम कोरडं अजून काय असतं? म्हणजे १४ तर पाहिजेतच, आम्ही २१ धरले.

बोलायला सोपं आहे. गावात नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं तेव्हा. शेतातल्या बोअरवरून ट्रॅक्टरच्या टाकीने पाणी आणायचो, रात्री लाईट असेल तेव्हा मोटर चालू करायची आणि पहाटे टाकी भरून घरी. दुपारी दोन वाजता बघावं तर वाफे कोरडे पडत आलेले. आई ७० वर्षांची, ती खालून काठीने दाखवायची, तो कोपरा सुकला बघ. बायको आणि मी आळीपाळीने दिवसातून चार वेळा वर जायचो. शेजारचे म्हणायचे प्यायला पाणी नाही आणि हे छताला पाजतात. मला त्याचं वाईट वाटायचं, खरंच वाटायचं, पण थांबलो नाही.

१९ तारखेला तीन क्यूब घेऊन जळगावला गेलो, ७ दिवसांचे. सरासरी १४.२ आली. आमचं काँक्रीट एम २०, म्हणजे २० पाहिजे, आणि हातातल्या कागदावर १४. बसमधे माझे पाय गार पडले होते. भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मामा, ही २८ दिवसांची परीक्षा आहे, तुम्ही सातव्या दिवशी रिझल्ट मागताय. पीपीसी आहे, सातव्याला एवढंच येतं. घरी जा आणि पाणी मारा." त्याच आठवड्यात मिस्तरी प्लेटा काढायला आला. दहा दिवस झाले भाऊ, पुढची साईट थांबलीय. हॉल आमचा सोळा फुटी, साध्या सिमेंटला सुद्धा तेवढ्या गाळ्याचे टेकू १४ दिवसांआधी काढू नये असं कोडात आहे आणि आपलं तर हळू धरणारं सिमेंट. खूप वादावादी झाली. शेवटी प्लेटांचं जास्तीच्या दिवसांचं भाडं मी द्यायचं कबूल केलं आणि ३ मेला, २१ दिवस पूर्ण झाल्यावर टेकू काढले. त्या भाड्याचे पैसे देताना जीव तुटला होता पण आज विचाराल तर पूर्ण घरात सगळ्यात बरोबर खर्च केलेले पैसे तेच.

आणि २८ वा दिवस आला बरोबर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, १० मे. बहिणी माहेरी आलेल्या, अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, गाणी चालू, आणि मी पिशवीत तीन क्यूब घेऊन जळगावच्या गाडीत. लॅबवाल्याला आधीच विचारून ठेवलं होतं, तो म्हणाला होता सकाळी लवकर या. मशीनमधे पहिला क्यूब ठेवला आणि काटा वर चढायला लागला, मी श्वास धरून उभा. २५.३ सरासरी. मी तिथूनच घरी फोन केला. आईला आकडा काय समजणार, ती म्हणाली पास झालं ना, मग पुरणपोळी गरम आहे तोवर ये.

पण अखाजीनेच एक नुकसान पण केलं. घरापुढचा ओटा आणि दोन पायऱ्या आम्ही ७ मेला भरल्या होत्या. तेच सिमेंट, उरलेल्या त्याच बॅगा, तीच वाळू, तोच मिस्तरी. मजूर सणाला गावी गेले, आम्ही पाहुण्यांच्या गडबडीत, आणि चार दिवस त्या ओट्यावर कोणी तांब्याभर पाणी टाकलं नाही. नंतर मारलं भरपूर, पण उपयोग नाही झाला. वरचा थर आज पण झाडूने झाडला की करडी पावडर निघते, खिळ्याने ओढलं तर रेघ उमटते. स्लॅबवर तोच खिळा घासला तर खिळ्याचंच टोक चमकतं. कोणी मला राखेचं सिमेंट कच्चं असतं म्हटलं की मी त्यांना घरी बोलावतो, आधी ओटा दाखवतो, मग जिन्याने वर नेतो.

शेवटचे तीन क्यूब ७ जूनला फोडले, ५६ दिवसांचे. २९.१. अठ्ठावीस दिवसांनंतरही ताकद चढत होती, जे वहीत लिहून घेतलं होतं ते मशीनवर बघायला मिळालं. पुढच्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला, रात्रभर. सकाळी उठून हॉलच्या चारही कोपऱ्यात वर बघितलं, कुठे ओल नाही. आता ओटा फोडून परत करायचाय, दिवाळीनंतर, थंडीत. बॅगा तेव्हाच आणणार, आधी आणून ठेवणार नाही, आणि त्याच १४८९ च्या.